पोटात ठेवू नये असे गुपित

“गुरुजी, कुणाला सांगणार नाही ना?” मधल्या सुट्टीत एका मुलाने मला विचारले. मी भाबडेपणाने शब्द दिला. मग एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने त्याच्याशी केलेले कृत्य त्याने सांगितले. त्याच संध्याकाळी मी पोलीस ठाणे गाठले. पोरगा कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही.

दिवाळीच्या फराळापाशी हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. घरात मुले आहेत, म्हणूनच!

कॅथलिक धर्मगुरूने कन्फेशनमध्ये ऐकलेले पाप जन्मभर पोटात ठेवावे, हा दंडक १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. आजही तो मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. या मौनाची थोरवी मी नाकारीत नाही. वसईच्या माझ्या ख्रिस्ती स्नेह्यांच्या मनावरची ओझी तेथेच उतरली आहेत. चोरी, व्यभिचार, भाऊबंदकीतले कपट ही गुपिते खुशाल देवापाशी राहोत. पण लहान मुलावरचा अत्याचार?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या एका शिक्षा झालेल्या पाद्र्याने २००४ साली प्रतिज्ञापत्रात सांगितले की, २५ वर्षांत सुमारे ३० धर्मगुरूंपुढे आपण तब्बल १,५०० वेळा या पापाची कबुली दिली. उत्तर काय मिळाले? घरी जा, प्रार्थना कर! त्याचे मन हलके होत राहिले. मुलांचे काय झाले? २०१७ साली तेथील रॉयल कमिशनने कन्फेशनलाही सूट नको, असे सांगितले. २०१९ साली व्हिक्टोरियाने आणि २०२० साली क्वीन्सलँडने तसा कायदा केला.

कुणी म्हणेल, अशाने गुन्हेगार कबुली द्यायला येणारच नाही. न येवो! तो २५ वर्षे येत होता, तेव्हा कोणते मूल वाचले?

आपल्याकडे तर २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सरळ सांगते की, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न देणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यात फादरला सूट नाही. बुवा, मौलवी, शाळामास्तर यांनाही नाही. ती कधी मिळूही नये. उलट प्रत्येक धर्मगुरूने आधीच बजावावे: बाबा, सारे ऐकीन, पण मुलावर हात टाकला असशील तर गप्प बसणार नाही.

धर्माची विटंबना होईल म्हणता? काडीचाही अपराध नसलेल्या एका पोराला दिलेला शब्द मी मोडला, कारण त्याला वाचवायचे होते. मग त्याला छळणाऱ्याला दिलेला शब्द तेवढा अभंग कसा?

दहावीच्या निरोप समारंभात तो मुलगा येऊन माझ्या पाया पडला. बोलला काही नाही. मीही विचारले नाही.