पॉवर आली, आता क्लचचं काय?

ईसीयू रीमॅप करून घेतला की पहिला महिना हनिमूनचा असतो. ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेक राउंड मारून आणायची, टर्बोची शिट्टी ऐकवायची, टोलनाक्यावरून सुटताना शेजारच्या एसयूव्हीकडे तिरकं बघायचं. मग एके दिवशी चढावर, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा टणकन वर उडतो आणि स्पीडचा काटा सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा जागच्या जागी! वर तो जळका वास. मंडळी, क्लच स्लिप होतोय. हनिमून संपला.

माझ्याकडे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअर, कंपनीतून निघाली तेव्हा १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क. वयाने म्हातारी, पण तब्येत खणखणीत. रीमॅपनंतर टॉर्क २७० च्या आसपास गेला. घरात दुसरी गाडी नाही, त्यामुळे रोज कोथरूड ते हिंजवडी हीच. आणि आठवड्यातून दोन दिवस ती बायको चालवते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं इथेच अडणार आहे.

आधी एक फंडा क्लिअर करू. क्लचला पीएस कळत नाहीत, त्याला फक्त टॉर्क कळतो. टर्बो गाडीत हा टॉर्क खालीच, दोन-तीन हजार आरपीएमलाच धाडकन येतो. म्हणून स्लिप रेडलाइनला नाही, तर वरच्या गिअरमध्ये, मधल्या आरपीएमला, फुल थ्रॉटल दिल्यावर आधी दिसते. पहिल्या गिअरमध्ये दिसणार नाही, कारण तिथे क्लचच्या आधी टायरच हात टेकतात!

यातून एक स्वस्तातला उपाय निघतो, जो गॅरेजवाला सहसा सांगत नाही. रीमॅप करणाऱ्याकडे परत जा आणि त्याला खालचा टॉर्क थोडा मऊ करायला सांगा. वरची पॉवर बहुतेक तशीच राहते, फक्त तो धक्का जातो. क्लच नुकताच कुरकुरायला लागला असेल तर एवढ्यावर आणखी एखादं वर्ष निघू शकतं. एकदा जळून काचेसारखा गुळगुळीत झाला, की मग मात्र नवीनच.

माझा तसाच झाला होता. पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, स्टेज थ्री टाका. टेन्शनच नाही." आता हे स्टेज म्हणजे काय? साबणाच्या पाकिटावर 'एक्स्ट्रा पॉवर' लिहितात ना, तेच. एका ब्रँडचा स्टेज टू हा दुसऱ्याचा स्टेज वन असू शकतो, असं कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. विचारायचं एवढंच : हा क्लच किती न्यूटन मीटर धरतो? आकडा नसेल तर नमस्कार करून निघायचं. मी माझ्या २७० ला ३२० ते ३५० चा हिशोब धरला होता. त्याच्या पुढचं सगळं मित्रांना सांगण्यापुरतं.

क्लचची पकड वाढवायचे रस्ते मोजून चार. प्रेशर प्लेटचा दाब वाढवा, डिस्कचं मटेरियल जास्त पकडणारं घ्या, डिस्कचा व्यास वाढवा किंवा डिस्कच दोन करा. फुकट काहीच नाही. दाब वाढवला की पेडल जड होतं, शिवाय रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जास्त भार येतो. सिरॅमिक-मेटलच्या चकत्यांची डिस्क उष्णता भन्नाट सोसते, पण तिला अर्धवट काही कळतच नाही. एकतर सुटलेली, नाहीतर पकडलेली. ट्रॅकवर सॉलिड, पण भूमकर चौकात इंचाइंचाने सरकताना गाडी बेडकासारखी उड्या मारते. केव्हलार मऊ असतो, पण रुळायला वेळ घेतो आणि एकदा तापून बिघडला की रुसतो. दोन डिस्कवाला क्लच पेडलला बरा, खिशाला नाही. राहिला साधा ऑरगॅनिक, कंपनी देते तोच प्रकार, फक्त मोठ्या व्यासाचा आणि चांगल्या प्रेशर प्लेटचा. म्हटलं तर बोअरिंग. मला तोच हवा होता.

पण निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. एका मित्राच्या गाडीत स्टेज थ्री होता, एका रविवारी ती घेऊन आम्ही चांदणी चौकाचा चढ चढलो. गाडी बायकोच्या हातात. बंपर टू बंपर ट्रॅफिक, मागची पीएमटी पार डिकीला चिकटलेली. तिसऱ्यांदा गाडी थरथरून बंद पडली तेव्हा ती म्हणाली, "अरे, ही गाडी आहे का जिममधलं लेग प्रेस? हे आपल्या गाडीत टाकणार असशील तर मी आजपासून रिक्षाने जाईन." आणि ती गंमत करत नव्हती. गाडी दोघांची, हप्ते दोघांनी भरलेले. माझ्या लॅप टाइमपायी (जो मी आयुष्यात कधी मोजलेला नाही) तिची गाडी काढून घेणं काही पटेना.

आता फ्लायव्हील. आरएसमध्ये कंपनीकडून ड्युअल मास असतं. म्हणजे एकाऐवजी दोन जड चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे झटके या स्प्रिंगा गिळतात, म्हणून गिअरबॉक्स शांत राहतो. हे चांगलं असेल तर हात लावू नका. माझ्यात दोन चकत्यांमधली ढिलाई मर्यादेबाहेर गेली होती, त्यामुळे बदलणं भाग होतं. इथे सगळे जण सल्ला देतात : "हलकं सिंगल मास टाक, इंजिन बाइकसारखं फिरेल!"

फिरतं, खोटं नाही. पण कुठे? हलक्या फ्लायव्हीलचा फायदा गिअर रेशोच्या वर्गाने बदलतो. पहिला गिअर पाचव्यापेक्षा साधारण चौपट, म्हणजे पहिल्यात जो फायदा मिळतो त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा पाचव्यात. एक्स्प्रेसवेवर तुम्हाला काहीच कळणार नाही. कळेल ते सिग्नलला : गाडी उचलताना जास्त रेस, जरा चुकलं की बंद, आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट. काही गाड्यांत तर ईसीयूला वाटतं की इंजिन मिसफायर होतंय, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. डिझेलवाल्यांनी तर हा नादच सोडावा. डिझेलचे झटके मुळातच दांडगे, त्यांना ड्युअल मासच लागतं.

मी शेवटी फोक्सवॅगनवाल्यांचा जुना, सगळीकडे चालणारा तोडगा घेतला. कोराडो जी६० चं सिंगल मास फ्लायव्हील आणि व्हीआर६ चा २२८ मिलिमीटरचा ऑरगॅनिक क्लच, स्प्रिंगवाली डिस्क. त्या पिढीचे गिअरबॉक्स नात्यातले असल्यामुळे हे बसतं. व्हीआर६ चं २.८ लिटरचं इंजिन कंपनीतूनच २३५ न्यूटन मीटर काढतं, त्यामुळे क्लच मुळात जास्त सोसायला बनवलेला. फ्लायव्हील हलकं नाही, चांगलं वजनदार आहे, म्हणून खडखडाट फक्त एसी बंद करून, काचा खाली करून, कान देऊन ऐकलं तरच. स्प्रिंगवाल्या डिस्कवर मात्र तडजोड नको. ड्युअल मासमधल्या स्प्रिंगा गेल्या, आता जे काही कुशन आहे ते डिस्कमध्येच.

गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी कुठलाही क्लच टाका, तेवढीच. म्हणून त्याच फेरीत रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या. बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात. सील किरकोळ समजून सोडलंत आणि ते गळायला लागलं, तर नव्या क्लचवर तेल आणि पुन्हा सगळं खाली.

त्यानंतर आठशे किलोमीटर फुल थ्रॉटल बंद. डिस्क आणि फ्लायव्हील एकमेकांना रुळायला शहरातलं गिअर बदलणं सगळ्यात बेस्ट, एक्स्प्रेसवेच्या सरळ धावेचा त्यात काही उपयोग नाही. आमच्याकडे त्या महिन्यात गाडी जास्त करून बायकोनेच चालवली. मी शेजारी बसून आरपीएमच्या काट्याकडे बघायचो, आणि ती म्हणायची, "समोर बघ."