माणसे मोजताना

लोकलच्या दारात, रेशनच्या रांगेत, सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी एक वाक्य हमखास कानावर येते, ‘माणसं फार झालीत.’ बोलणारा त्या माणसांत स्वतःला कधीच धरत नाही. जास्तीची माणसे म्हणजे झोपडपट्टीतली, परगावची, दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या जातीची. यंदाच्या अंकासाठी लोकसंख्येचा विषय निवडताना आम्हाला सर्वांत आधी ही सवय खुपत होती.

संख्या वाढली हे खरेच आहे. 1951 साली देशात 36 कोटी लोक होते, 2011 साली 121 कोटी. जगाने नोव्हेंबर 2022 मध्ये 800 कोटींचा आकडा गाठला आणि पुढच्याच वर्षी आपण चीनला मागे टाकले. या वाढीचा भार जमिनीवर, जंगलावर, पाण्यावर पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो नेमका कुणाच्या वाट्याला येतो, हे मात्र पाहिले पाहिजे.

त्यासाठी शहापूर तालुक्यात जावे. 1860 साली मुंबईला विहार तलावाचे पाणी मिळू लागले. पुढे तो पुरेना, म्हणून तुळशी, मग तानसा, वैतरणा, भातसा असे करत शहर पाण्यासाठी शंभर किलोमीटरपर्यंत पोचले. आज मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळते आणि त्याचा मोठा हिस्सा शहापूरच्या धरणांतून येतो. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिनी तालुक्यातून जाते आणि बाई हंडा घेऊन ओढ्यातल्या डवऱ्याकडे. आता गारगाई नदीवरचे धरण प्रस्तावित आहे, त्यात तानसा अभयारण्यातले जंगल जाणार आहे. पाड्यावरच्या घरात आणखी एक मूल जन्मले तर दिवसाला एखाद-दोन हंडे पाणी जास्त लागते. शहरात पोहण्याच्या तलावासकट एक टॉवर उभा राहिला तर किती लागते, हा हिशेब ‘माणसं फार झालीत’ म्हणणारा मांडत नाही.

आणि मुले तरी आता कुठे फार होतात? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी 1.7 मुले होतात. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला 2.1 लागतात. म्हणजे जननदर उतरला. तो कुणाच्या जिवावर उतरला, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. 1927 पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवू लागले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवत राहिले. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली, खटले झाले. 1934 साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्व्यांच्या लिखाणात देशाच्या लोकसंख्येहून बाईचे शरीर, तिचे सुख आणि तिची इच्छा यांना मोठी जागा आहे. मूल हवे की नको हे तिला ठरवता आले पाहिजे, इतकी साधी ती मागणी होती.

1952 मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले आणि मागणीच्या जागी हळूहळू उद्दिष्टे आली. आणीबाणीत, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे पहिले राज्य आपले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, पण त्या वर्षभरात देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. त्या जबरदस्तीची दहशत इतकी बसली, की पुढे सरकारने पुरुषांचा नादच सोडला आणि सारा भार बायकांवर टाकला. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणानुसार देशात 15 ते 49 वयाच्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी अडतीस जणींचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषाने नसबंदी करून घेतलेली जोडपी हजारात तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, त्यात पोट उघडावे लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरीही आकडे असे.

छोट्या कुटुंबात मुलगा मात्र हवाच, या हट्टाची किंमत मुलींनी मोजली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपण 1988 मध्ये केला, तरी 2011 साली राज्यात हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या होत्या, बीड जिल्ह्यात 807. तिसरे मूल झाले की पद काढून घेणारा ग्रामपंचायतीचा दोन मुलांचा नियमही बाईलाच जास्त जाचतो. तिसरे मूल होऊ देण्याचा निर्णय अनेक घरांत सासू आणि नवरा घेतात. सरपंचपद जाते तिचे.

म्हणून या दिवाळीला आमचे मागणे स्पष्ट आहे. दोन मुलांची अट पंचायतीच्या कायद्यातून काढावी. आशाताई घरोघरी बाईशी बोलते, तसा नवऱ्याशी बोलायला पुरुष आरोग्यसेवक गावोगाव धाडावा. आणि गारगाईच्या जंगलाला हात लावण्याआधी मुंबईने आपल्या नळांची गळती थांबवावी आणि शहापूरच्या पाड्यांना भातशाचे पाणी द्यावे.