पंक्तिप्रपंच

अमेरिकेत विद्यापीठांच्या क्रीडासंघाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. परंतु दोन दिवस जमून, ठराव करून पांगण्याचा जो अर्थ आपल्याकडे त्या शब्दाला चिकटला आहे तो तेथे लागू नाही. ती कायमची पंगत आहे. शेजारपाजारच्या विद्यापीठांनी सामन्यांचे वेळापत्रक एकत्र ठरवावे, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम एका दफ्तरी नोंदवावेत आणि अध्ययनाची आबाळ होऊ देऊ नये, एवढ्याच मर्यादित हेतूने १८९६ साली शिकागो येथे अध्यापक-प्रतिनिधींनी जो संघ स्थापन केला, तोच पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्धीस आला. आज त्यात अठरा विद्यापीठे आहेत. नाव मात्र दहाचेच आहे. ‘अटलांटिक कोस्ट’ संघात तर २०२४ पासून पॅसिफिककडील स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ ही दोन्ही दाखल झाली आहेत. त्या विद्यापीठांतील भूगोलाच्या अध्यापकांनी याबद्दल निषेध नोंदविल्याचे ऐकिवात नाही.

या विस्ताराचे मूळ शोधू गेल्यास १९८४ सालापर्यंत मागे जावे लागते. तोपर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा मक्ता एनसीएए या राष्ट्रीय संघटनेकडे होता. घरबसल्या सामना दिसू लागला तर मैदानावरील गर्दी ओसरेल या भयाने, वर्षात किती सामने दाखवावेत आणि एकाच विद्यापीठाचे दर्शन किती वेळा घडवावे, हे तीच ठरवीत असे. ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांनी हा मक्ता न्यायालयात नेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो बेकायदा ठरविला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते, हा योगायोग आमच्या वाचकांपैकी जे स्वतः मैदानावरून कार्यालयात आले आहेत त्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. मक्ता मोडला, आणि ज्याने त्याने आपला माल आपण विकावा अशी मुभा मिळाली.

पुढील तीस वर्षांत जे उत्पन्न वाढले त्याचे स्वरूप घरपट्टीसारखे होते. केबलच्या मासिक देयकात प्रत्येक वाहिनीचा आकार धरलेला असे. ग्राहकाने ती वाहिनी पाहिली काय किंवा न पाहिली काय, पट्टी चुकत नसे. बिग टेनने २००७ साली स्वतःची वाहिनी काढली, आणि ज्या राज्यात संघाचे एखादे विद्यापीठ असेल तेथे या पट्टीचा दर चढा लावता येतो हे तिच्या चालकांनी अचूक हेरले. २०१४ मध्ये मेरीलँड व रटगर्स या विद्यापीठांना प्रवेश मिळाला तो याच हिशेबाने. महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला म्हणून गणला जाणारा सामना १८६९ साली रटगर्सच्याच गावी झाला हे खरे. परंतु त्या पुण्याईपेक्षा न्यूयॉर्क परिसरातील केबलजोडण्यांची संख्या अधिक वजनदार ठरली. घरपट्टीला मात्र एक व्यंग असते : घर उभे असेल तोवरच ती वसूल होते. ईएसपीएन वाहिनी २०११ च्या सुमारास दहा कोटी घरांत जात होती. २०२३ अखेर ती घरे सात कोटींच्या आसपास उरली.

घरपट्टी आटली तेव्हा खानेसुमारीला भाव आला. किती घरांत वाहिनी जाते हा प्रश्न मागे पडून, किती माणसे प्रत्यक्ष सामन्यापुढे बसतात हा प्रश्न पुढे आला. जून २०२२ मध्ये लॉस एंजलिसची दोन विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, यांनी बिग टेनकडे जाण्याचे जाहीर केले, आणि ऑगस्टात त्या संघाने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सातशे कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करारनामा केला. ज्या ‘पॅक-१२’ संघातून ती गेली तो १९१५ पासून नांदत होता. पुढल्याच उन्हाळ्यात त्याच्या हाती अ‍ॅपल कंपनीच्या वर्गणीवर अवलंबून असलेला एक प्रस्ताव तेवढा आला, आणि उरलेल्या सभासदांनी भराभर दुसरीकडे पाने मांडली. ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे राहिली.

आमचा आक्षेप विस्ताराला नाही. तो या खानेसुमारीच्या वाचनाला आहे. रेटिंग हा जणू विद्यापीठाच्या अंगचा गुण आहे, उंचीसारखा मोजून नोंदविता येणारा, असे धरून आता वाटण्या होऊ लागल्या आहेत. फ्लोरिडा स्टेट व क्लेमसन यांनी अटलांटिक कोस्ट संघाशी मांडलेले दावे मार्च २०२५ मध्ये मिटले ते असे की, दूरचित्रवाणीच्या महसुलाचा चाळीस टक्के भाग सारखा वाटावा आणि साठ टक्के भाग गेल्या पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येवर वाटावा. ज्याच्या नावाने गर्दी जमते त्याच्या पानात थोडे अधिक पडावे, ही मागणी अन्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सामना पाहिला जातो तो दोघांचा. शिवाय तो शनिवारी दुपारी सर्वांना फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर आहे की पूर्वेकडील लोक निजल्यावर सशुल्क वाहिनीवर, यावर आकडा हलतो. प्रतिस्पर्धी ठरवितो संघ, वेळ ठरविते वाहिनी, आणि आकडा मात्र विद्यापीठाच्या खात्यावर चढतो. वाढप्यानेच कोणाला किती भूक आहे हे ठरवावे, तसा हा प्रकार. त्यातच मोजदाद करणाऱ्या नील्सन कंपनीने २०२५ च्या शरदापासून निवडक घरांच्या नमुन्यास सेट-टॉप बॉक्स व स्मार्ट टीव्हींतील माहितीची जोड दिली. म्हणजे येत्या पाच वर्षांच्या सरासरीत दोन वेगळ्या गजांनी मोजलेले कापड एकत्र शिवले जाणार.

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर याच अटलांटिक कोस्ट संघात शिरण्यासाठी नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या वाट्यावर पाणी सोडले. रिकाम्या पानापुढे बसण्यासाठी पंगतीत जागा मागणारा हा पाहुणा श्रीमंत देणगीदारांच्या जोरावर बसला आहे, ही गोष्ट निराळी.

आणखी एक गोष्ट अंकगणिताचीच आहे. बलाढ्य विद्यापीठे जितकी एकत्र आणावीत तितकी ती एकमेकांकडून हरतात. अठरांच्या संघातही प्रत्येक सामन्यात एक पराभूत असतोच, आणि सतत हरणाऱ्याचे प्रेक्षक कोठवर टिकतील याचे उत्तर करारनाम्यात नसते. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदाच. परंतु त्याच्या महसुलासाठी जुळविलेल्या नकाशावर व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींना तीन काळपट्टे ओलांडून जावे लागते, आणि परतल्यावर वर्गात बसावे लागते. १८९६ च्या अध्यापकांनी ज्यासाठी दफ्तर उघडले होते ते कलम आता कोणाच्या खात्यावर आहे?

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना आज असा ग्राहक नाही. परंतु ज्या देशात आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांना २०२२ साली ४८,३९० कोटी रुपये मिळाले, तेथे उद्या एखादी वाहिनी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे दार ठोठावणारच नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. क्रीडासंचालक वाचकांना आमची विनंती इतकीच की, त्या दिवशी रकमेचे कलम वाचण्यापूर्वी सामन्याची वेळ व प्रवासाचे दिवस कोण ठरविणार हे कलम वाचावे, आणि तो अधिकार विद्यापीठाकडे राहत नसेल तर स्वाक्षरी करू नये.