पत्र्याची तलवार आणि खरी रायफल

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत बेळगावच्या रस्त्यांवर दरवर्षी कितीतरी ताराराण्या अवतरतात. नऊवारी नेसलेली, कमरेला शेला कसलेली, हाती पत्र्याची तलवार घेतलेली बारा-पंधरा वर्षांची मुलगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी असते आणि खाली आम्ही सारे कौतुकाने टाळ्या वाजवतो. बेळगुंदीपासून निपाणीपर्यंतच्या जुन्या मराठी घरांत असे एखादे छायाचित्र भिंतीवर हमखास आढळते. परंतु त्याच मुलीने दुसऱ्या दिवशी ‘मला नेमबाजी शिकायची आहे’ असे म्हटले, तर घरात काय ऐकू येते, हेही आम्हांला ठाऊक आहे. ‘बंदूक हे काय मुलीच्या जातीचे काम आहे?’ पत्र्याची तलवार शोभते आणि खरी रायफल शोभत नाही, हा आमच्या अभिमानातला दांभिकपणा आहे. त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांला आवश्यक वाटते.

बंदूक म्हटली की आमच्याकडे प्रथम शिकार आठवते. म्हणून तो विषय आधी निकालात काढू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९९१ साली स्त्रियांना शिकार, मासेमारी व रानातील वावर शिकवणारा एक उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक राज्यांत पसरला. तेथे ऋतू ठरवून, परवाना देऊन शिकार होते. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणारी हौसेची शिकारही संपली. ते योग्यच झाले. पूर्वी आमच्या पश्चिमेकडील रानात हाका घालून डुक्कर मारले जाई, तेव्हा बार पुरुषांचा, बढाई पुरुषांची आणि स्त्रीचा वाटा पाट्या-वरवंट्यापुरता. आज त्या शिकारीत स्त्रीलाही स्थान द्या, अशी मागणी आम्ही करणार नाही. जे पुरुषालाही वर्ज्य आहे, ते स्त्रीसाठी मागण्यात कसली समता? आमची मागणी वेगळी आहे. बंदुकीतली जी विद्या निर्दोष आहे, म्हणजे स्पर्धेची नेमबाजी, ती आमच्या मुलींना मिळाली पाहिजे.

येथे स्वतःचा एक अपराध सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरकारी सेवेत असताना एका तालुक्यात पीकसंरक्षणाच्या बंदुकांच्या अर्जांवर अहवाल लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. एका विधवेचा अर्ज आला. नवऱ्याच्या नावावरील एकनळी आपल्या नावावर करून मिळावी, एवढेच तिचे म्हणणे. रताळ्याचे रान डुकरे रातोरात उकरून टाकत, आणि एक बार हवेत काढला की कळप पळे. आम्ही तिला समजावले, ‘बाई, पुतण्याच्या नावाने अर्ज करा, ते सोयीचे पडेल.’ ती म्हणाली, ‘सायेब, राखणीला मी जातो, पुतण्या न्हाई.’ आम्ही हसलो आणि अहवालात ‘अर्जदार स्त्री असल्याने परवाना पुतण्याच्या नावे देणे इष्ट’ असे लिहून मोकळे झालो. कायद्यात स्त्रीला मनाई नव्हती. मनाई होती ती आमच्या लेखणीत. ती ओळ आज आठवली की लाज वाटते.

स्त्रीच्या हाती शस्त्र शोभते की नाही, हा प्रश्न या भूमीने केव्हाच निकालात काढला आहे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, १७०० ते १७०७ या काळात, औरंगजेबाच्या प्रचंड फौजेशी चाललेल्या लढ्याचे सूत्र ताराबाईंच्या हाती होते. भाषेचा वाद क्षणभर बाजूस ठेवला, तर आमच्या शेजारच्या काकतीत जन्मलेल्या चन्नम्मांनी १८२४ साली कित्तूर येथे इंग्रजांना दिलेली झुंजही आमच्याच मातीतली आहे. पूर्वजांची नावे घ्यायची आणि लेकींचे हात बांधायचे, हे कोणत्या परंपरेत बसते?

आता वर्तमानाकडे पाहू. मुंबईच्या अंजली वेदपाठक-भागवत महाविद्यालयात असताना एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि २००२ साली म्युनिक येथे स्त्री-पुरुषांच्या एकत्रित एअर रायफल स्पर्धेत ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब जिंकला. आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरील कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकलाच ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. नेमबाजीत हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच शहरातील राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतले. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्यामागे प्रशिक्षक म्हणून उभ्या होत्या दीपाली देशपांडे, स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या. पुरुषाला पदकापर्यंत नेणारा गुरू स्त्री आहे, याची नोंद आमच्या घरांतील कर्त्यांनी जरूर घ्यावी.

कोणी म्हणेल, स्त्रियांच्या स्पर्धा वेगळ्या, म्हणून ही पदके सोपी. त्यांना इतिहास ठाऊक नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रायफलच्या एका प्रकारात स्त्री-पुरुष एकत्र खेळत. तेथे अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक यांनी विजेत्या पुरुषाइतकेच गुण मिळवले आणि रौप्यपदक घेतले. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शान हिने स्कीट प्रकारात पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकले. पुढच्या, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये मात्र स्कीटमध्ये स्त्रियांना स्थानच नव्हते. ते २००० साली वेगळ्या गटाच्या रूपाने मिळाले. तेव्हा स्त्रिया वेगळ्या का खेळतात, याचे कारण त्यांच्या दुबळेपणात शोधू नये.

दुसरा आक्षेप हिंसेचा. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये ज्या ठिपक्यावर नेम धरायचा, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथे राग कामाचा नाही. श्वास रोखणे, हृदयाच्या दोन ठोक्यांमधला क्षण ओळखणे आणि चुकलेला नेम विसरून पुढच्याकडे वळणे, हेच तेथले शिक्षण. आमच्या मते हे ध्यानधारणेच्या अधिक जवळचे आहे.

तिसरा आक्षेप सोयरिकीचा. ‘बंदूक धरणारी सून कोण करणार?’ ज्या घराला स्थिर हाताची आणि निर्भय नजरेची सून नको असेल, त्या घरात आपली मुलगी द्यावी काय, याचा विचार मुलीच्या बापाने करावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सैन्याच्या पोलीस दलात स्त्रियांची भरती झाली, तेव्हा बेळगावच्या मैदानावर हजारो मुली आल्या होत्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात मुलगा भरती झाला की आम्ही पेढे वाटतो. मुलीसाठी ते पेढे कडू का व्हावेत?

राहिला खर्च. आंतरराष्ट्रीय दर्जाची रायफल लाखांच्या घरात जाते, हे खरे. परंतु प्रारंभाला ती लागत नाही. वीस ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या, ०.१७७ बोअरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. नेम धरण्याचे अंतर दहाच मीटर. शाळेचे एखादे लांब दालन, भक्कम पाठभिंत, दोन रायफली आणि शिस्तीचा प्रशिक्षक एवढ्यावर आरंभ होतो. एका चित्ररथावर, त्याच्या ध्वनिक्षेपकांवर आणि रोषणाईवर एका रात्रीत जे उडते, त्यातला काही भाग वाचवला तरी आमच्या पंचक्रोशीत अशी एक रेंज उभी राहू शकेल. मंडळांनी, वाचनालयांनी आणि साहित्य संस्थांनीही यात हात घालावा. साहित्य संस्थेचा बंदुकीशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे: ज्या समाजाच्या मुली पोवाड्यातच शूर असतात, त्याचे पोवाडे फार काळ खरे वाटत नाहीत.

या कामासाठी आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी आम्ही येथेच जाहीर करीत आहोत. त्या विधवेचे देणे यातून फिटणार नाही. ती कोठे आहे, हेही आम्हांला ठाऊक नाही. पण तिची एखादी नात पुढच्या शिवजयंतीला ट्रॉलीवर उभी राहील. ती खाली उतरेल, तेव्हा तिच्या हातातली पत्र्याची तलवार बाजूला ठेवून तिला रेंजचा रस्ता दाखवणारे कोणी तरी असावे, एवढीच आमची इच्छा आहे.