कपाटातल्या अठ्ठावीस हजार तक्रारी

अमेरिकेत जिला पिकअप म्हणतात ती आपल्याकडच्या भाजीच्या टेम्पोसारखी गाडी नव्हे. पुढे पाच-सहा माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, आणि बॉनेट उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच. सुतार, नळकाम करणारा, बांधकामाचा छोटा कंत्राटदार, शेतकरी अशा कितीतरी लोकांची रोजीरोटी या गाडीवर चालते. त्याच जातीच्या दणकट सांगाड्यावर मोठ्या एसयूव्ही बांधतात, त्यात मुलेबाळे घेऊन कुटुंबे फिरतात. गाडी स्वस्त नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या नव्या वाहनाची सरासरी किंमतच पन्नास हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे आपल्या चाळीस लाखांहून जास्त. मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही तर सरासरीच्याही पुढे. सहा-सात वर्षांचे हप्ते बांधून घेणारे तिथे सर्रास आहेत.

वाचक म्हणतील, बस-लोकलने कामावर जाणाऱ्या आम्हाला या चाळीस लाखांच्या गाडीचे काय? गाडी त्यांची आहे हे खरे. पण वस्तूतला दोष विकणाऱ्याला आधी कळतो आणि घेणाऱ्याला सर्वांत शेवटी, ही गोष्ट शिलाई मशीन हप्त्याने घेणाऱ्या आमच्या भगिनीलाही ठाऊक आहे. म्हणून हा हिशेब येथे मांडतो.

एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने अमेरिकेतील सुमारे सहा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. शेव्हरोले सिल्व्हरॅडो, टाहो, सबर्बन, जीएमसी सिएरा, युकॉन आणि कॅडिलॅक एस्कलेड ही त्यांची नावे, २०२१ ते २०२४ ची मॉडेल्स. सर्वांत एकच इंजिन, ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे. इतर देशांतल्या गाड्या धरल्या तर आकडा सात लाखांच्या वर जातो.

दोष काय? इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्याची ताकद कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकला मिळते. रॉड आणि क्रँक जिथे जुळतात तिथे बेअरिंग असते. क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना खरे तर घासतच नाहीत, मध्ये ऑईलचा पातळ थर असतो. तो थर आहे तोवर इंजिन लाखो किलोमीटर चालते. तो फाटला की लोखंडाला लोखंड भिडते, आधी ठकठक आवाज येतो, मग बेअरिंग जाते, शेवटी इंजिन जाम होते किंवा रॉड इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो. या गाड्यांत क्रँकची मापे आणि त्याचा गुळगुळीतपणा ठरल्याप्रमाणे नव्हता, आणि ऑईल जाण्याच्या वाटांत कारखान्यातलाच गाळ राहिला होता, असे कंपनीने सरकारला कळवले. हमरस्त्यावर शंभराच्या वेगात, मागे मालट्रक असताना इंजिन बंद पडले तर काय होईल, हे ड्रायव्हर बांधवांना सांगायला नको.

आता खरा मुद्दा. आमचे आयुष्य आवक-जावक रजिस्टर भरण्यात गेले, त्यामुळे आमची नजर आधी तिथेच जाते. अमेरिकेत रस्ता सुरक्षेची एक सरकारी यंत्रणा आहे. तिच्याकडे कोणीही मालक फुकट तक्रार नोंदवू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये या यंत्रणेने चौकशी उघडली, तेव्हा तिच्याकडे मालकांच्या ३९ तक्रारी होत्या. पावणेनऊ लाखांवर गाड्या आणि ३९ कागद! कोणाही साहेबाने फाईल बाजूला सारली असती. पण चौकशी लागल्यावर कंपनीला स्वतःचे दप्तर उघडावे लागले. त्यात या बिघाडाशी संबंध असू शकेल अशा २८,१०२ नोंदी निघाल्या. त्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी गाडीचा जोर चालता चालता गेल्याचे सांगितले होते. १२ अपघात आणि १२ जखमी यांचाही संबंध असू शकतो, असे कंपनीनेच लिहून दिले.

इतक्या नोंदी एका रात्रीत जमत नाहीत. कंपनीने या इंजिनाची अंतर्गत तपासणी २०२२ मध्ये, २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये उघडली होती आणि तिन्ही वेळा बंद केली होती. एकेक मालक डीलरच्या काउंटरवर उभा राहून आपली कैफियत सांगत होता. त्याला वाटत असणार, आपलेच नशीब फुटके. आपल्यासारखे हजारो आहेत हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ज्याला मार्ग होता तो गप्प होता.

उपाय काय काढला तेही पाहा. गाडी डीलरकडे न्यायची, तो तपासणार. तपासणीत नापास झालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त करणार किंवा बदलून देणार. पास झालेल्या गाडीत जाड ऑईल भरणार, ऑईल भरण्याचे नवे झाकण आणि फिल्टर बसवणार आणि पुस्तिकेत नवा कागद चिकटवणार. आधी झीरो-डब्ल्यू-वीस नावाचे पातळ ऑईल होते, आता झीरो-डब्ल्यू-चाळीस. पातळ ऑईल वापरले की पेट्रोल थोडे वाचते, म्हणून सगळ्याच कंपन्या पातळाकडे वळल्या आहेत. मालक विचारतात, क्रँक वाकडातिकडा असेल तर जाड ऑईलने तो सरळ होणार आहे का? प्रश्न अडाण्याचा नाही. जाड ऑईलचा थर लवकर फाटत नाही हे खरे, पण क्रँक तोच राहतो. कंपनीने दहा वर्षांची किंवा दीड लाख मैलांची हमी वाढवून दिली, ती मात्र आम्ही पदरात पडलेली खरी गोष्ट मानतो.

दोष सुमारे तीन टक्के गाड्यांत असावा असा कंपनीचा अंदाज. बी.कॉम.च्या बुद्धीने हिशेब केला तर सहा लाखांचे तीन टक्के म्हणजे अठरा हजार. पण ते अठरा हजार कोणते, हे कागद सांगत नाही. त्यामुळे घोर सहाही लाखांना लागतो. मुलांना घेऊन लांबच्या गावाला जावे की नको? जुनी म्हणून विकायला काढली तर घेणारा विचारतो, त्याच इंजिनची का? गाडी डीलरच्या आवारात पडून असली तरी हप्त्याची तारीख काही चुकत नाही. ज्याचे अवजारांचे खोके त्या हौद्यात आहे त्याची मजुरीही बुडते, आणि ती कोणत्याही हमीपत्रात लिहिलेली नसते. शिवाय चौकशी २०१९ च्या मॉडेलपासूनची होती आणि बोलावणे आले २०२१ पासूनच्या गाड्यांना. अडीच लाखांहून जास्त गाड्या त्या यादीबाहेर राहिल्या. त्यांच्या मालकांना ना ऑईल, ना वाढीव हमी.

एकाच कंपनीवर खापर फोडणे बरोबर नाही. टोयोटा म्हणजे न मरणारे इंजिन अशी ख्याती. तिची २००७ सालची एक टुंड्रा पिकअप दहा लाख मैल चालली होती. तीच कंपनी नव्या टुंड्रात आठ सिलिंडर सोडून सहा सिलिंडर आणि दोन टर्बोंवर आली. मे २०२४ मध्ये तिला सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कारखान्यात धातू कापतानाचा कीस इंजिनात राहिला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी सव्वा लाखावर गाड्यांची भर पडली. फोर्डच्या काही इंजिनांत व्हॉल्व्ह ठिसूळ निघून तुटले, त्याही २०२४ मध्ये नव्वद हजारांवर गाड्या. गाडी मोठी, इंजिन ताकदवान, आणि कीस धुण्याचे काम अर्धवट! कारखान्यात राबणारे आमचे वाचक यावर हसतील, कारण उत्पादनाचा आकडा गाठायच्या घाईत पहिला घाला धुण्या-तपासण्यावरच पडतो हे त्यांनी पाहिलेले आहे.

तिथल्या मालकाला तक्रारीचा हा मार्ग कंपन्यांनी दिलेला नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने मोटारींच्या धोक्यांवर पुस्तक लिहिले आणि याच जनरल मोटर्सच्या एका मोटारीचे दोष चव्हाट्यावर मांडले. कंपनीने त्याच्यामागे गुप्तहेर लावले. ते उघडकीस आले तेव्हा मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा कायदा झाला. पुढे भरपाईपोटी मिळालेले पैसे नेडरने ग्राहकांच्याच कामाला लावले. एका माणसाच्या चिकाटीतून झालेल्या त्या कायद्यामुळेच आज ३९ कागदांना किंमत आहे.

जनरल मोटर्स आपल्यालाही परकी नाही. टवेरा तिचीच, तळेगावचा कारखानाही तिचाच होता. २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबवली आणि २०२० च्या अखेरीस तळेगाव बंद केले. तत्पूर्वी जुलै २०१३ मध्ये तिने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या. धुराच्या चाचणीत कंपनीच्याच माणसांनी फेरफार केल्याचे निघाले होते. तेव्हा गाडी परत बोलवायला भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नव्हता.

आता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ११०-अ हे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी आणि ठरलेल्या प्रमाणात तक्रारी असतील तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. या प्रमाणातच सारी मेख आहे. तक्रार नोंदलीच गेली नाही तर प्रमाण भरणार कसे?

आपल्याकडे इंजिन बसले की पहिली शिवी ड्रायव्हरला बसते, "ऑईल बघितलं नाहीस!" तक्रार मालकाने करायची असते, म्हणून टॅक्सी-टेम्पो चालवणाऱ्या बांधवांना आमची सूचना अशी. आवाज पहिल्यांदा आला तो दिवस, तेव्हाचे किलोमीटर आणि गाडी थंड होती की गरम, हे एका साध्या वहीत लिहा आणि मालकाची सही घ्या. ऑईल बदलल्याचे प्रत्येक बिल त्याच वहीत टाचून ठेवा. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगून येऊ नका. जॉबकार्डावर तुमच्याच शब्दांत आवाजाची नोंद करून घ्या आणि त्याची प्रत मागा. "सगळं नॉर्मल आहे" असे ते म्हणाले तर तेही लिहून मागा.