आजीची वाळू

देणगी मागणे अवघड, असे लोक म्हणतात. मला विचाराल तर आलेली देणगी खर्च करणे त्याहून अवघड! आमच्या पेठेतल्या बालवाडीला एका आजोबांनी दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ २५ हजार रुपये दिले. आणि खेळण्यांची यादी करण्याचे काम, मराठीचा प्राध्यापक रिकामाच असतो या समजुतीने, माझ्याकडे आले.

समितीच्या मनात होती बॅटरीवर चालणारी मोटार. दिसायला देखणी, फोटोला उत्तम, आणि दात्याचे नाव रंगवायला दोन्ही बाजूंना जागा! पण हिशेब मांडून पाहा. मुले ३०, मोटार एक. एक बसणार, २९ बघणार. बसणाराही बहुधा दांडगाच. कोपऱ्यातल्या अबोल मुलीपर्यंत हे दान पोचायचे कसे?

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह काढले. तिथल्या मुलांनी सुंदर सुंदर खेळणी बाजूला सारून हाताला उद्योग देणारी साधने जवळ केली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. दूर कशाला जा? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांवाचून त्यांचे अडले नाही. शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांनाच त्यांनी कामाला लावले.

म्हणून मी तीन प्रश्न ठरवले. या वस्तूचे खेळ किती होतील? एका वेळी मुले किती खेळतील? आणि मोडली तर गल्लीतला सुतार ती नीट करील काय?

मोटार तिन्ही प्रश्नांत नापास झाली. उत्तीर्ण झाले ते लाकडी ठोकळे. मात्र मापाचे हवेत, दोन लहान जोडले की एक मोठा, अशा बेताचे. कडा घासून गुळगुळीत केलेले. ठोकळा सकाळी आगगाडी असतो, दुपारी देऊळ. मग चेंडू, दोर, भातुकली, घरोघरच्या जुन्या साड्या. आणि वाळूचा हौद. हौदावर झाकण हवेच, नाहीतर पेठेतली मांजरे आधी प्रवेश घेतात! चेंडू फुटतात, वाळू सरते. म्हणून थोडी रक्कम पुढल्या वर्षासाठी बाजूला ठेवली.

"पण प्रोफेसर, हिचं नाव कुठं घालायचं?" आजोबांनी हळूच विचारले. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणूस गेल्यावर नावच तेवढे हाती उरते. हौदाच्या कठड्यावर छोटी पाटी लावली. मुलांना अजून वाचता येत नाही. पण बाईंनी त्यांना एकदा सांगितले, तेवढे पुरे झाले. आता मधली सुट्टी झाली की ३० पोरे ओरडत सुटतात, "चला, आजीच्या वाळूत!"