परवाना खिशात, संशय आडनावावर

पिस्तुलाचा रीतसर परवाना आहे, पिस्तूल शर्टाखाली कमरेला आहे आणि तावडे हॉटेलच्या चौकात नाकाबंदीत गाडी अडवली. पोलिसाने विचारण्याआधीच सांगावे का? कुणी विचारले तर आम्ही 'सांगा' म्हणतो. पण सांगणाऱ्याचे पुढे काय होते, हे कायद्यापेक्षा सांगणारा कोण आहे यावर ठरते.

६ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीयाने सांगितले होते. तो शाळेच्या भोजनगृहात काम करायचा. गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून अडवल्याचे त्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात पोलीस वायरलेसवर आधीच बोलला होता की गाडीतले लोक दरोड्यातल्या संशयितांसारखे दिसतात, चालकाचे नाक रुंद आहे! आपल्याकडे शस्त्र आहे, हे कॅस्टिलने अदबीने सांगितले. विचारल्याशिवाय सांगण्याचे बंधन तिथल्या कायद्यात नव्हते. काही सेकंदांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी बसली होती. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. कॅस्टिलचा परवाना खरा होता.

तिथे नाक, इथे आडनाव.

आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. कलम १९ प्रमाणे शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस परवाना मागू शकतो. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतो, शस्त्र जप्त करू शकतो. (नाव सांगितले की पुढचे आपल्या समाजात वेगळे विचारावे लागत नाही.) खरी मेख कलम २० मध्ये आहे. शस्त्र गैरकृत्यासाठी नेले जात आहे असा सबळ संशय येण्याजोगी परिस्थिती असेल, तर परवाना असो वा नसो, वॉरंटशिवाय अटक करता येते. संशय सबळ आहे की नाही, हे रस्त्यावर ठरवणार अडवणाराच. गाडीवरचे निळे स्टिकर त्याच्या नजरेत कशात मोडते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ॲट्रॉसिटी कायद्याखालील १९९५ च्या नियमांत नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्रात सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत आणि गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना स्वसंरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे आपल्याला संरक्षणाची गरज आहे हे सरकारने लेखी मान्य केले आहे. पण ज्याला गावात जीव वाचवायला परवाना द्यायचा, त्याच्याकडे नाक्यावर गुन्हेगार म्हणून पाहिले गेले तर त्या परवान्याचा उपयोग काय? तरुणांनी पिस्तुले घ्यावीत असा आमचा आग्रह नाही. पण नियम आहे, तर तो फक्त कागदावर का राहावा?

नाक्यावर इंजिन बंद करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसू द्या. आधी 'परवाना' म्हणा, मग शस्त्र कुठे आहे ते सांगा, आणि पोलीस सांगेपर्यंत हात तिकडे नेऊ नका. कॅस्टिलचे उदाहरण पाहता एवढ्याने जीव वाचेलच याची हमी आम्ही देत नाही. म्हणून नाक्यावरच्या वागणुकीची जबाबदारी पोलीस खात्यावर टाकायला हवी. कोल्हापूर जिल्ह्यात नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द केले, किती दिले, आणि परवानाधारकाशी नाकाबंदीत कसे वागावे याच्या पोलिसांना काय लेखी सूचना आहेत? माहिती अधिकारात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयांकडे अर्ज टाका. मिळालेली उत्तरे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकीत मांडायला लावा.